मरवरांच्या देशांत

काशीची गंगा रामेश्वरास न्यावी आणि रामेश्वराची वाळू काशीस नेऊन गंगेंत सोडावी, ही चाल आपल्या लोकांत किती जुनी आहे हें वाचकांस सांगावयास नको. आमच्या आजीनें काशीहून आणलेला गंगेचा एक लहानसा गडू, तोंड लाखेनें बंद केलेला, आमच्या देवघराच्या कोनाड्यांत होता. आजीच्या हातून रामेश्वराची यात्रा घडली नाहीं; तीर्थरूपांनींहि 'पुढील वर्षीं जाऊं' म्हणतां म्हणतां इहलोक सोडला. गडू मात्र तेथेंच राहिला. मी सेवानिवृत्त होऊन घरीं बसल्यावर आमच्या कुटुंबानें एके दिवशीं तो माझ्यापुढें आणून ठेविला व विचारिलें, "हा आतां कोणाच्या माथीं ठेवून जावयाचा?" ह्या प्रश्नास उत्तर नव्हतें. होळी आटोपतांच आम्ही उभयतां व माझा पुतण्या असे तिघे दक्षिणेच्या गाडींत बसलों.

मदुरेस मीनाक्षीचें दर्शन घेऊन आम्ही पुतण्याच्या कचेरींतील एका स्नेह्याच्या घरीं उतरलों. त्या स्नेह्याचे वडील माझ्याहून पांचसात वर्षांनीं मोठे, शाळेंत तामिळ भाषा शिकवून निवृत्त झालेले. एकाच धंद्यांतले दोघे म्हातारे. मग काय विचारतां! मला तामिळ येत नाहीं व त्यांना मराठी येत नाहीं, तरी मोडक्यातोडक्या इंग्रजीवर व मधून मधून संस्कृत शब्दांवर आमचें संभाषण मध्यरात्रीपर्यंत चाललें. बोलतां बोलतां उद्यांच्या प्रवासाचा विषय निघाला आणि मी सहज विचारिलें, "रामनाथपुरच्या बाजूस मरवर नांवाची लुटारू जाति राहते, असें आमच्या शाळेच्या कपाटांतील एका जुन्या इंग्रजी ग्रंथांत मीं वाचलें होतें. ते लोक अजून आहेत काय?"

त्या वृद्ध गृहस्थांनीं चष्मा काढून पुसला व शांतपणें म्हणाले, "आहेत तर! मी स्वतः मरवर आहें."

माझी काय अवस्था झाली असेल याची वाचकांनींच कल्पना करावी. आमचें कुटुंब आंतून सर्व ऐकत होतें. तिनें कपाळास हात लाविला हें मला दारांतून दिसलें. परंतु यजमान रागावले नाहींत. ते उठले, भिंतींतील फडताळांतून एक जाड ग्रंथ काढून त्यांनीं माझ्यापुढें ठेविला आणि म्हणाले, "तुम्हीं एक पुस्तक वाचलें आहे. आतां दुसरें ऐका."

तो ग्रंथ 'पुरनानूरु' होता. संस्कृत शिकलेल्या आपल्या लोकांस ह्या नांवाची ओळख बहुधा नसते. मलाहि नव्हती, व याची मला त्या रात्रीं लाज वाटली. इसवी सनाच्या आगेंमागें कांहीं शतकें तामिळ देशांत जी काव्यरचना झाली तिला 'संगम' वाङ्मय म्हणतात. त्यांतील आठ संग्रहांपैकीं हा एक. यांत चारशें कविता, आणि त्यांचे कर्ते दीडशेंहून अधिक, त्यांत कित्येक स्त्रिया. विषय मुख्यतः युद्ध, दान, राजे व मरण. हीं पुस्तकें मध्यंतरीं लोक इतकीं विसरले होते कीं विद्वानांसहि कित्येकांचीं नुसतीं नांवेंच ठाऊक. कुंभकोणमकडील एका ब्राह्मण पंडितानें, उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनीं (१८५५–१९४२), गांवोगांव हिंडून वाळवीनें खाल्लेलीं ताडपत्रें गोळा केलीं, पाठ जुळविले, आणि १८९४ सालीं पुरनानूरु छापून काढला. क्षत्रियवृत्तीच्या लोकांचीं हीं गाणीं एका ब्राह्मणाच्या डोळ्यांच्या कष्टानें वांचलीं, हें सांगतांना यजमानांनीं हात जोडले. त्या रात्रींच्या माझ्या बोलण्यास याहून सौम्य उत्तर कोणीं दिलें नसतें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे ते स्वतः आमच्याबरोबर निघाले. मदुरेहून रामनाथपुर सुमारें ११० किलोमीटर. वैगै नदीचें पात्र कोरडें ठणठणीत. रस्त्याच्या दोहों बाजूंस ताडाचीं झाडें आणि मैलच्या मैल वेडी बाभूळ. दहा वाजण्याच्या आंतच ऊन इतकें चढलें कीं दूरची जमीन पाण्यासारखी हालतांना दिसूं लागली. मृगजळ हा शब्द मीं मुलांस तीस वर्षें शिकविला. त्याचा अर्थ त्या दिवशीं डोळ्यांनीं पाहिला.

यजमान सांगूं लागले. तामिळ कवींनीं भूमीचे पांच प्रकार मानिले आहेत: कुरिंजि म्हणजे डोंगर, मुल्लै म्हणजे गुराख्यांचें रान, मरुदम् म्हणजे पाणथळ शेती, नेय्दल् म्हणजे समुद्रकांठ, आणि पांचवी पालै म्हणजे रखरखीत निर्जल प्रदेश. प्रत्येक भूमीस तिचें झाड अगर फूल, तिचा प्रहर, तिचे लोक व तिची देवता ठरलेली. पालैचा प्रहर माध्यान्ह, तिची देवता कोट्रवै म्हणजे आपली दुर्गा, तिचा भाव विरह, आणि तिचे लोक मरवर व एयिनर. वाटसरूंचे तांडे अडवावे, शत्रूचीं गुरें वळवून आणावीं, धनुष्य कधीं खालीं ठेवूं नये, अशी त्यांची वृत्ति. अर्थात् त्या काव्यांत मरवर शब्दाचा अर्थ पुष्कळदां नुसता 'शूर योद्धा' एवढाच असतो. जातीचें नांव म्हणून तो पुढें रूढ झाला.

मीं विचारिलें, "मग हा रामनाथपुरचा मुलूख पालैच म्हणावयाचा?"

ते म्हणाले, "पालै ही मुळांत निराळी भूमि नाहीं. 'शिलप्पदिकारम्' काव्यांत म्हटलें आहे कीं, कुरिंजि व मुल्लै ह्या भूमि उन्हानें करपून आपला स्वभाव हरवून बसल्या, म्हणजे त्यांनाच पालैचें रूप येतें." एवढें बोलून ते खिडकीबाहेर पाहूं लागले. त्या वाक्याचा रोख केवळ भूगोलाकडे नव्हता, हें मला पुढें कळलें.

गुरें वळविणें हा शब्द ऐकून वाचकांनीं नाक मुरडूं नये. विराटपर्वांत दुर्योधनानें विराटाच्या गाई वळविल्या व बृहन्नडेचा वेष टाकून अर्जुनानें त्या सोडवून आणल्या, हें गोग्रहण आपण मोठ्या आवडीनें वाचतों. तामिळ लोकांत युद्धाचा आरंभच मुळीं असा व्हावयाचा. गुरें वळविण्यास निघालेले वीर वेट्चीचीं फुलें माळीत, आणि तीं सोडविण्यास धांवलेले करन्दैचीं. 'तोलकाप्पियम्' नांवाच्या प्राचीन व्याकरणग्रंथांत यांचे नियम दिले आहेत. व्याकरणाच्या ग्रंथांत लढाईचे व प्रेमाचे नियम कसे, असा प्रश्न मला पडला. तेव्हां कळलें कीं शब्द, वर्ण व काव्याचा विषय ह्या तिहींचें शास्त्र तेथें एकत्र आहे.

अशा लढाईंत जो पडे त्याच्यासाठीं दगड उभा करीत. त्यास म्हणत 'नडुकल्', म्हणजे रोंवलेला दगड. योग्य शिळा शोधणें, ती उचलून आणणें, पाण्यानें स्नान घालणें, रोंवणें, पूजा व नैवेद्य करणें, आणि स्तुति गाणें, असा त्याचा क्रम तोलकाप्पियमांत सांगितला आहे. दगडावर वीराचें नांव व पराक्रम कोरीत, त्यास मोरपिसें वाहात, शेजारीं भाला व ढाल उभी करीत. पालैंतून जाणारा वाटसरू सांवलीसाठीं थांबे तों त्यास हे दगड दिसावयाचे. शिलप्पदिकारमांतील चेर राजा शेंगुट्टुवन कण्णगी ह्या पतिव्रतेच्या मूर्तीसाठीं हिमालयांतून शिळा आणितो आणि तिला गंगेंत स्नान घालितो, तेंहि ह्याच क्रमास अनुसरून. आमच्या पिशवींत गंगेचा गडू होता. ही कथा ऐकतांना माझा हात नकळत त्याकडे गेला.

हें सर्व कविकल्पना असेल असें पूर्वीं कोणी म्हणूं शके. परंतु २००६ सालीं तेनी जिल्ह्यांत वैगैच्याच खोऱ्यांत पुलिमानकोंबै गांवीं तंजावरच्या तामिळ विद्यापीठाच्या संशोधकांस असे तीन कोरीव दगड सांपडले. अक्षरें तामिळ ब्राह्मी, काळ इसवी सनापूर्वींचा मानितात. एकावर कूडलूरच्या गोग्रहणांत पडलेल्या वीराचें नांव आहे, आणि गुरें वळविण्यास तोलकाप्पियमांत जो शब्द आहे तोच त्या दगडावर आहे. ग्रंथानें सांगावें आणि दगडानें साक्ष द्यावी, असा योग थोड्याच ठिकाणीं येतो.

आपल्याकडेहि गांवोगांव वीरगळ आहेत. खालच्या कप्प्यांत लढाई, मधल्यांत वीरास स्वर्गास नेणाऱ्या अप्सरा, वरच्यांत शिवलिंगाची पूजा, आणि शेवटीं सूर्यचंद्र. कित्येकांच्या तळाशीं गाईहि कोरलेल्या असतात. आमच्या गांवच्या मारुतीच्या देवळामागें असा एक आहे. लहानपणीं आम्ही त्यावर चढून चिंचा पाडीत असूं. पुढें मी मास्तर झालों, मुलेंहि तेंच करीत, आणि मीं त्यांस कधीं हटकलें नाहीं. कारण तो दगड काय आहे हें मला ठाऊक असूनहि मीं त्यांस कधीं सांगितलें नव्हतें.

ह्या लोकांच्या शौर्याचीं जीं चित्रें पुरनानूरूंत आहेत तीं अंगावर कांटा आणितात. आपला मुलगा रणांतून पळाला असें ऐकून एक म्हातारी संतापानें रणभूमीवर जाते, हातांतील तरवारीनें प्रेतें उलथीत फिरते, आणि छिन्नभिन्न पडलेला मुलगा सांपडल्यावर, तो जन्मला त्या दिवसाहून अधिक हर्ष पावते. दुसरीचा बाप पडला, पति पडला. तरी रणवाद्य ऐकतांच ती एकुलत्या एका मुलाच्या केंसांस तेल लावून, हातीं भाला देऊन त्यास पाठविते. आपल्या उद्योगपर्वांतील विदुला हिचीच सखी नव्हे काय? पाठीस जखम लागलेला राजा उत्तरेकडे तोंड करून अन्न सोडून बसे. हें आपलें प्रायोपवेशनच. आणि याहून विलक्षण रूढि पहा: राजा अंथरुणावर मेला, तर वेदवेत्ते ब्राह्मण त्यास दर्भावर निजवून, वीरांच्या गतीस जा असें म्हणून, तरवारीनें छेद देत व मग अंत्यसंस्कार होई. अंगावर शस्त्राचा वार नाहीं, तर स्वर्ग नाहीं!

आमचें कुटुंब इतका वेळ मुकाट्यानें ऐकत होतें. पुतण्यानें तिला हा भाग मराठींत सांगितला तेव्हां ती म्हणाली, "त्या म्हातारीला हर्ष झाला असें कवि म्हणतो. पण घरीं परत गेल्यावर तिनें काय केलें, तें कोणीं लिहिलें आहे का?" यजमानांस मीं हें इंग्रजींत सांगितलें. ते बराच वेळ गप्प राहिले व म्हणाले, "अम्मांस सांगा, ह्या प्रश्नासाठीं मला पुन्हां सर्व ग्रंथ वाचावा लागेल."

रामनाथपुरीं आम्हीं सेतुपतींचा जुना वाडा, 'रामलिंग विलास', पाहिला. सेतुपति हे मरवर राजे. सेतूचें व रामेश्वराच्या यात्रेकरूंचें रक्षण हें त्यांचें व्रत व हीच त्यांची पदवी. वाड्याच्या भिंतींवर अठराव्या शतकाच्या आरंभींचीं रंगीत चित्रें आहेत, आणि त्यांत तंजावरच्या मराठ्यांशीं झालेल्या लढाईचेंहि चित्र आहे. व्यंकोजी राजांनीं तंजावर घेतल्यापासून भोसल्यांचें व सेतुपतींचें शेजार, आणि शेजार म्हटलें कीं कलह. आपले लोक शत्रुपक्षांत काढलेले पाहण्याचा प्रसंग मला पूर्वीं आला नव्हता. इतिहास शिकवितांना चित्रकार नेहमीं आपल्याच बाजूस उभा असतो, असें आपण धरून चालतों! ह्याच घराण्यांतील भास्कर सेतुपतींनीं स्वामी विवेकानंदांस शिकागोच्या परिषदेस जाण्याचें उत्तेजन दिलें, व १८९७ च्या जानेवारींत ते परत आले तेव्हां पांबन येथें त्यांचें स्वागत केलें.

वाड्याच्या ओट्यावर सांवलींत बसलों असतां यजमानांनीं राहिलेली गोष्ट सांगितली. त्यांचे आजोबा ह्याच जिल्ह्यांतील एका खेड्याचे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें 'गुन्हेगार जमातींचा' कायदा केला, १९११ सालीं तो मद्रास इलाख्यासहि लागू झाला. त्यांत मरवरांच्या कांहीं शाखा आल्या, शेजारचे कळ्ळर आले. चोरी केली असो वा नसो, जन्मानेंच गुन्हेगार. हाताचे ठसे द्यावयाचे, रात्रीं चौकीवर हजेरी द्यावयाची, परगांवीं जावयास परवाना घ्यावयाचा. लोक त्यास हातरेषांचा कायदा म्हणत. १९२० च्या ३ एप्रिलला मदुरेकडील पेरुंगामनल्लूर येथें कळ्ळर लोकांनीं ठसे देण्याचें नाकारिलें, तेव्हां पोलिसांच्या गोळीबारांत पंधराहून अधिक माणसें पडलीं. त्यांत एक स्त्री होती.

"आजोबा शेतकरी," यजमान म्हणाले. "दिवसभर नांगर धरावयाचा आणि रात्रीं चौकीच्या ओट्यावर निजावयाचें. आजी सांगे कीं लग्नाच्या रात्रींहि ते तेथेंच होते. तुमच्या शाळेंतील तें पुस्तक ज्यांनीं लिहिलें, त्यांनीं आमच्या आजोबांस ह्या ओट्यावरच पाहिलें असेल."

हा कायदा सर्व देशांतून १९५२ सालीं रद्द झाला व ह्या जमातींस 'विमुक्त' म्हणूं लागले. आपल्याकडे सोलापुरास अशा लोकांसाठीं तारेच्या कुंपणाची वसाहत होती, हें पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु कायदा रद्द झाला म्हणजे मनांतील नोंदवही रद्द होते असें नाहीं. हें मी कोणत्या अधिकारानें म्हणतों तें आतां सांगितलेंच पाहिजे.

मी मास्तर असतांना माझ्या वर्गांत अशाच एका विमुक्त जमातीचा मुलगा होता. हुषार, पाठांतरांत पहिला; त्याच्या मुखांतून सुभाषितें ऐकतांना मला समाधान वाटे. एके दिवशीं मेजावर काढून ठेविलेलें माझें घड्याळ दिसेना. वर्गांत चाळीस मुलें होतीं. मीं कोणास कांहीं विचारिलें नाहीं. सरळ त्या एकट्यास उभें करून त्याचें दप्तर सर्वांसमक्ष रिकामें करविलें. दप्तरांत तीन वह्या व फडक्यांत बांधलेली भाकरी निघाली. दोन दिवसांनीं घड्याळ माझ्याच कोटाच्या अस्तरांत सांपडलें, खिसा उसवला होता. तोंवर मुलगा शाळेंत यावयाचा थांबला होता. मी त्याच्या पालावर गेलों नाहीं. मनांत म्हटलें, येईल आपण होऊन. तो आला नाहीं.

रामेश्वराच्या मोठ्या ओवरींत, त्या दगडी खांबांच्या संपतां न संपणाऱ्या रांगांमधून चालतांना, मीं ही गोष्ट यजमानांस सांगितली. ही ओवरी सेतुपतींनीं बांधविली. म्हणजे ज्यांस लुटारू म्हणून मी ओळखत होतों, त्यांच्याच छायेखालून मी देवाकडे चाललों होतों. त्यांनीं सर्व ऐकून घेतलें व एवढेंच विचारिलें, "मग तुम्ही त्याच्या घरीं गेलांच नाहीं?" मीं नाहीं म्हटलें. त्यांनीं त्यावर चांगलें म्हटलें नाहीं कीं वाईट म्हटलें नाहीं.

तेथील पुजारी परंपरेनें महाराष्ट्रीय ब्राह्मण. गडूची लाख त्यांनीं फोडली, तीन पिढ्यांचें पाणी देवावर पडलें. आमच्या कुटुंबाच्या डोळ्यांस पाणी आलें, ती म्हणाली, "सासूबाई सुटल्या." मी मात्र सुटलों नव्हतों.

तामिळांत 'अरम्' म्हणजे धर्म, आणि 'मरम्' म्हणजे शौर्य. परंतु मरम् ह्याच शब्दाचा दुसरा अर्थ अधर्म, असेंहि यजमानांनीं सांगितलें होतें. मरवर शब्द त्यापासूनच आला आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ. कोणता घ्यावयाचा तें वाचणाऱ्यावर. त्या मुलास वाचतांना मीं वाईट अर्थ घेतला, आणि चाळीस मुलांस तोच शिकविला.

घरीं आल्यावर त्या कुटुंबाची चौकशी केली. तो तळ उठून फार वर्षें झालीं. कोठें गेले तें कोणास सांगतां येईना. एक उद्योग तेवढा हातीं होता. पुतण्याचीं मुलें बरोबर घेऊन मी मारुतीच्या देवळामागें गेलों. घागरीभर पाणी व नारळाची शेंडी घेऊन आम्हीं तो वीरगळ धुतला. शेवाळ निघालें तसतशी खालच्या कप्प्यांतील गाय दिसूं लागली, मग तिच्यापुढें ढाल घेऊन उभा असलेला माणूस. मुलांनीं विचारिलें, "आजोबा, हा कोण?" मीं सांगितलें, "ह्याचें नांव ह्या दगडावर नाहीं. परंतु हा चोर होता कीं राखण करणारा होता, तें ठरविण्यापूर्वीं दगड धुवावा लागतो." आणि मग त्यांस घड्याळाची गोष्ट सांगितली, कांहीं न वगळतां.